जावयाचं कूळ शोधायले तीन महिन्याचे पैसे गेले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवतो, वेबसाइटचं नाव लिहत नाही. पैशाचं भांडण अजून मिटलं नाही (ते खाली येतंच) आणि उगाच कोणी मले नोटीस धाडायची. पण ज्याच्या घरची पोरगी कॅनडात आहे आणि तिकडच्या क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच बोलणाऱ्या पोराशी सोयरीक जुळली आहे, त्याले कामी पडेल म्हणून लिहून राहिलो. सेवा म्हणजे फ्रेंच-कॅनेडियन घराण्यांची वंशावळ शोधून देणारी साइट, महिन्याचे पैसे भरायचे नि पाहिजे तेवढं शोधायचं. माझ्याकडून ५ पैकी ३ स्टार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ऑनलाइन सेंटर चालवतो. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यात जास्त म्हणजे कास्ट व्हॅलिडिटीचे फॉर्म. म्हणजे वंशावळ हा आपला रोजचाच धंदा. ओबीसीवाल्याले १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागते, मग आज्याचा शाळेतला दाखल-खारीजचा उतारा काढा, नाही सापडला तर कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल, तिथं नाव वेगळं निघालं तर अॅफिडेव्हिट, असं पंधरा वर्षं चालू आहे. म्हणून ताईनं फोन केला की "पोरीच्या नवऱ्याचं घराणं जरा पाहून दे गा", तर मी म्हटलं त्यात काय आहे, आणा इकडे.

झालं असं की भाची मॉन्ट्रियलले नोकरीवर, तिनं तिथलाच पोरगा पसंत केला. पोरगा गुणी आहे, मागच्या दिवाळीत येऊन गेला, शेणानं सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसला, ठेचा खाल्ला नि तासभर पाणी पिऊन राहिला. घरी सगळे राजी. पण माझी आत्या, वय पंच्याऐंशी, तिनं विचारलं "आडनाव काय म्हणे?" खरं आडनाव इथं टाकत नाही, पण आहे फुलावरचंच, समजा लाफ्लर. पोरीनं सांगितलं की त्याचा अर्थ फूल. आत्या एकदम खुश, "म्हणजे फुलेच ना गा आपले!" मग दोन मिनिटं थांबून म्हणते, "पण कोणते फुले?"

सगळे हसले तेव्हा. पण मी पुढं जो शोध घेतला ना, त्याचा सगळा गाभा म्हाताऱ्या बाईनं एका प्रश्नात काढला होता. कारण तिकडं लाफ्लर नावाचे लोक एका घराण्याचे नाहीतच.

तिकडं एक भानगड आहे, आडनावापुढं "दित" लिहून दुसरं आडनाव (म्हणताना फक्त "दी" म्हणतात, शेवटचा त खाऊन टाकतात). त्याचा अर्थ म्हणजे आपलं उर्फ. अमुक उर्फ लाफ्लर. आपल्याकडं महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून फुले झाले, अगदी तसंच. आमच्याच गावात अर्धे देशमुख नि पाटील असे आहेत की वतनाचं नाव राहिलं नि मूळ आडनाव फक्त सोयरीक जमवताना निघते. तिकडं हे उर्फ बरेचदा फौजेतून आले. १६६५ मध्ये फ्रान्सच्या राजानं कारिन्यां-सालिएर नावाची पलटण क्वेबेकले धाडली, हजार-बाराशे शिपाई, काम झाल्यावर त्यातले चारेकशे तिथंच जमिनी घेऊन राहिले. फौजेत प्रत्येक शिपायाले टोपणनाव. लाफ्लर म्हणजे फूल, लारोझ गुलाब, लात्युलिप ट्युलिप, सांसूसी म्हणजे बिनघोर, व्हादबोंकर म्हणजे खुशीनं चालणारा, आणि एक तर त्रांशमोंतान्य, डोंगर फोडणारा! आपल्या गावात पैलवानाले ठेवतात तसे नावं. काही उर्फ मुलखावरून, फ्रान्समधल्या आंजूचा माणूस तो लांजव्हां, आपल्या नागपूरकर-दारव्हेकरासारखे.

आता पाहा, प्रत्येक कंपनीत एक ना एक लाफ्लर असणारच. एकाचं मूळ आडनाव वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. पुढच्या पिढीत एक भाऊ मूळ आडनाव लावते, दुसरा उर्फ लावते, तिसरा लग्नात एक लिहिते नि पोराच्या बाप्तिस्म्यात (म्हणजे चर्चमधल्या बारशात) दुसरं. शंभर-दीडशे वर्षं हे असं चालते आणि मग कधीतरी एकच टिकते. म्हणजे आज जो लाफ्लर आहे त्याचा खरा रस्ता बहुतेक वेळा दुसऱ्याच आडनावातून जाते.

साइटचं पहिलं चांगलं म्हणजे हे तिले कळते. सर्चमध्ये एक टिचकी आहे, ती लावली की सगळे उर्फ नि स्पेलिंगचे प्रकार सोबत शोधते. ती टिचकी आपोआप लागलेली नसते, हे मले आठ दिवसांनी कळलं. आठ दिवस मी नुसतं लाफ्लर लाफ्लर शोधत बसलो, तेही रात्री, कारण दिवसा सेंटरवर गर्दी नि संध्याकाळी लाइन जाते. टिचकी लावल्यावर एका रात्रीत चार पिढ्या वर चढलो. आमच्या कोतवाल बुकासाठी असं काही असतं तर किती लोकांचे चकरा वाचल्या असत्या.

दुसरं चांगलं, आणि पैसे याचेच आहेत असं माझं मत, ते म्हणजे चर्चच्या रजिस्टरांचे स्कॅन. भाऊ, काय कागद आहेत! मी जावयाच्या एका पूर्वजाची बाप्तिस्म्याची नोंद उघडली ती सांगतो. पिवळसर पान, त्यावर तीन-चार नोंदी, डाव्या बाजूले मार्जिनमध्ये बी, एम नाहीतर एस अक्षर, बी म्हणजे बाप्तिस्मा, एम म्हणजे लग्न, एस म्हणजे दफन, त्याखाली नंबर नि नाव. तारीख आकड्यात नाही, अक्षरी, आपण चेकवर लिहतो तशी. मग बाळ "काल जन्मलेलं", बापाचं नाव, बापाचा धंदा "कुल्तिव्हातर" म्हणजे शेतकरी (इथं मले जरा बरं वाटलं), आईचं नाव, धर्मपित्याचं नाव, धर्ममातेचं नाव (बाप्तिस्म्यात बाळाची जबाबदारी घेणारे), आणि शेवटी एक ओळ की बापाले नि धर्मपित्याले सही करता येत नाही असं त्यांनी सांगितलं. खाली फक्त पाद्र्याची लफ्फेदार सही. आपल्या जुन्या खरेदीखतावर "निशाणी डावा अंगठा" पाहून माझ्या मनात जे होते तेच झालं.

अक्षरी तारखेत एक मजा आहे. फ्रेंचमध्ये ऐंशीले स्वतंत्र शब्दच नाही, ते म्हणतात चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. मले भाचीनं फोनवर समजावलं तर मी म्हटलं अगं हे तर आपल्या आत्याचंच गणित, ती अजून गाठोड्यातले पैसे "चार विसा नि दहा" असेच मोजते. त्या दिवसापासून जुन्या तारखा मले भाचीपेक्षा लवकर लागू लागल्या, खोटं नाही सांगत.

मोबाईलच्या ट्रान्सलेटवर मात्र भरवसा ठेवू नका. लग्नाच्या नोंदीत नवरदेवाच्या बापापुढं "फ" असा एक छोटा शब्द होता, ट्रान्सलेटनं लिहलं "आग". मले वाटलं बुवा जळून मेला. भाचीले फोटो धाडला तर ती हसून बेजार, म्हणे मामा तो शब्द म्हणजे आपलं "कैलासवासी", आग नाही. नोंदीत कै. लावलं असलं की समजायचं बाप लग्नाच्या आधी वारला, म्हणजे त्याची दफनाची नोंद त्या तारखेच्या मागं शोधायची. असा एक शब्द कळला की दोन दिवसाचं काम वाचते.

चढायचा रस्ता म्हणजे लग्नाच्या नोंदी. नवऱ्याचे आईबाप, नवरीचे आईबाप, चौघांचे नावं एकाच ठिकाणी. एक लग्न सापडलं की त्याच्या आईबापाचं लग्न शोधायचं, मग त्यांच्या आईबापाचं. आणि यात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाईचं नाव. तिकडच्या या कागदात बाई जन्मापासून मरेपर्यंत तिच्या बापाच्या आडनावानंच आहे. लग्न झालं, दहा लेकरं झाले, विधवा झाली, तरी दफनाच्या नोंदीत तेच आडनाव, पुढं फक्त "अमक्याची बायको". म्हणून आईकडचं झाडही बापाइतकंच सरळ वर जाते.

आपल्याकडं काय आहे? माझ्या आज्याच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल मी स्वतः काढली आहे. बापाचं नाव, जात, गाव, "मुलगा". आईचं नाव नाही, पोराचं नावही नाही. आणि बाईचं तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहलं की जुनं नाव गेलं माहेरी, मग माहेरचे मेले की कुठंच नाही. हे तांदळाचं ताट भाचीच्या लग्नातही आणलं होतं ताईनं. पोरगी म्हणे आई नाव बदलायचं नाही, तिकडं कायदाच आहे, १९८१ पासून क्वेबेकमध्ये बाईले लग्नानंतरही आपलं जन्माचंच नाव वापरावं लागते, नवऱ्याचं लावतो म्हटलं तरी सरकारी कागदावर चालत नाही. आत्यानं हे ऐकलं नि बराच वेळ काही बोललीच नाही. मग ताटात तांदूळ होतेच म्हणून पोरीचं जुनंच नाव लिहलं.

आता दोन स्टार कशाचे कापले ते.

साइटवर स्कॅनशिवाय "तयार झाड" म्हणून एक सोय आहे. लाल बटन, दाबलं की तुमचं घराणं डायरेक्ट १६०० च्या सालापर्यंत. हे झाड साइटवाले बनवत नाहीत, दुसऱ्या ग्राहकांनी बनवलेले झाडं एकमेकाले जोडून साइट आपोआप दाखवते. मी दाबलं. जावई चौदा पिढ्या वर जाऊन थेट एका सरदाराच्या घरी पोहोचला. मले वाटलं वा. मग एकेक पिढी कागदावर ताडून पाहिली तर सहाव्या पिढीत घोळ.

तो घोळ समजायले तिकडचे नावं ठेवायचे रिवाज कळले पाहिजे. कॅथलिक घरात पोराले बाप्तिस्म्यात दोन-तीन नावं. पोरगा असला की पहिलं जोसेफ, पोरगी असली की मारी, हे जवळपास ठरलेलं, दुसरं धर्मपित्याचं नाहीतर धर्ममातेचं, आणि हाक मारायचं नाव बरेचदा शेवटचं. म्हणजे एका घरात पाच भाऊ, पाचही कागदावर जोसेफ. आपल्याकडं राशीचं नाव वेगळं, शाळेतलं वेगळं नि गावात बंडू, तसंच. वर अजून एक, पोरगं लहानपणी वारलं की पुढच्या पोराले तेच नाव परत देत. आपल्याकडं उलटं, पोरं जगत नसले की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, कचरू, म्हणजे यमाची नजर जाऊ नये. तिकडं नाव चालू ठेवायची रीत, इकडं नाव लपवायची. पोरं दोन्हीकडं सारखेच मरत होते.

तर त्या झाडानं काय केलं, पहिला पोरगा जो तीन महिन्याचा होऊन वारला, ज्याची दफनाची नोंद मी डोळ्यानं पाहिली, त्याचं लग्न लावून दिलं! दोन वर्षांनी झालेला दुसरा त्याच नावाचा, लग्न त्याचं. बरं इथवर ठीक, आईबाप तेच होते. पण तिथून वर झाड जे वळलं ते दुसऱ्याच परगण्यातल्या दुसऱ्याच लाफ्लरमध्ये घुसलं, ज्याचं मूळ आडनाव वेगळं. तो सरदार त्यांचा, आमचा नाहीच. नि शंभरेक लोकांनी हेच झाड एकमेकाचं पाहून जसंच्या तसं उतरवलं आहे. आमच्या आत्याचा प्रश्न, कोणते फुले, त्या शंभरातल्या एकानंही विचारला नाही.

साइटले कळवलं तर उत्तर आलं की झाडं ग्राहकांचे आहेत, आम्ही जबाबदार नाही. अरे मग लाल बटन काहून ठेवलं?

कागदावरून चढलो तर आमचा लाफ्लर निघाला साधा शिपाई. आणि त्याची बायको "फी दु रुआ", म्हणजे राजाची पोरगी. इथं मी एक चूक केली, ताईले फोनवर एवढंच सांगितलं. ताईनं आत्याले सांगितलं, आत्यानं गावाले, दुसऱ्या दिवशी सेंटरवर लोक विचारून राहिले की भाचीनं राजघराण्यात दिली म्हणे. तसं नाही बाप्पा. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत राजानं आपल्या खर्चानं सातशे-आठशे पोरी फ्रान्सहून तिकडं पाठवल्या, कारण तिकडं नुसते गडीच होते. बऱ्याच गरीब, बऱ्याच बिनबापाच्या. राजानं कन्यादानाचा खर्च केला म्हणून राजाच्या पोरी. हे समजावलं तर आत्या म्हणे, "म्हणजे सामूहिक विवाहच की." बरोबरच आहे म्हणा.

अजून एक, ज्यांचा जावई अमेरिकेतला आहे पण मूळ फ्रेंच-कॅनेडियन, त्यांच्यासाठी. १८४० ते १९३० या काळात क्वेबेकमधून नऊ लाखाच्या आसपास लोक अमेरिकेत गेले, पुष्कळसे मॅसॅच्युसेट्सकडच्या कापसाच्या गिरण्यांत कामाले (आपण कापूस पिकवून पाहिला, त्यांनी कातून पाहिला, पैसा दोघांलेही नाही झाला). तिथं गेल्यावर आडनावाचं भाषांतरच करून टाकलं. बुआव्हेर म्हणजे हिरवं रान, त्याचा झाला ग्रीनवूड. रुआचा किंग, लब्लांचा व्हाइट. म्हणजे किंग शोधत बसाल तर फ्रान्सहून आलेला मूळ माणूस कधीच सापडणार नाही. या साइटवर हे भाषांतराचे प्रकार त्या टिचकीत येत नाहीत, ते स्वतः डोकं लावून टाकावे लागतात. अर्धा स्टार याचाही.

आणि कोणाच्या जावयाचं आडनाव ट्राम्ब्ले असेल तर पैसे भरूच नका. क्वेबेकमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे ते, आणि सगळे एकाच पिएर ट्राम्ब्लेचे वंशज, त्याचं लग्न १६५७ मध्ये क्वेबेकले झालं. कोणते ट्राम्ब्ले हा प्रश्नच नाही.

तसंही पैसे फक्त शोधायच्या सोयीचे आहेत. रजिस्टरांचे स्कॅन क्वेबेकच्या सरकारी ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत, फक्त तिथं नाव टाकून शोधता येत नाही, गाव नि साल माहीत असलं तर पानं उलटत बसायचं. फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या साइटवर फुकट खातं उघडून बरंच काही मिळते. तांगे नावाच्या पाद्र्यानं १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांचा घराण्यांचा कोश छापला, तोही ऑनलाइन फुकट आहे, त्यात चुका आहेत पण रस्ता दाखवायले चांगला. ते लोक कागदाच्या बाबतीत हुशार, प्रत्येक रजिस्टरच्या दोन प्रती, एक चर्चले, एक कोर्टात. क्वेबेक शहराचे १६२१ पासूनचे पहिले रजिस्टर १६४० च्या आगीत जळाले तर लोकांच्या आठवणीवरून परत लिहून काढले. आमच्या तालुक्याले एक रजिस्टर वाळवीनं खाल्लं तर उत्तर मिळते "अभिलेख उपलब्ध नाही", खाली शिक्का.

आता पैशाचं. महिन्याचे तेराशे रुपये पडले, म्हणजे एका फवारणीचा खर्च. एका महिन्यात काम होते, माझंही झालं असतं पण मधात सोयाबीन निघालं. मी एका महिन्याचे भरले नि समजलो संपलं. तर कार्डातून दुसऱ्या महिन्यालेही कापले, तिसऱ्यालेही. बंद करायचं बटन सेटिंगमध्ये, त्यातल्या अकाउंटमध्ये, त्यातल्या प्लॅनमध्ये, सगळ्यात खाली, राखाडी अक्षरात, पांढऱ्यावर. मी दिवसभर लोकांचे सरकारी फॉर्म भरतो, मले नाही सापडलं. चॅटवर विचारलं तर तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, साडेनऊ तासाचा फरक (हिवाळ्यात साडेदहा), मी दिवसा सेंटरवर असतो तेव्हा ते बंद. दोनदा तक्रार टाकली, दोन्ही वेळा उत्तर म्हणून ऑफर आली, थुंकीची डीएनए टेस्ट अर्ध्या किमतीत.

तर घ्यायचंच असेल तर हंगाम सोडून घ्या, पहिल्याच दिवशी बंद करायचं बटन शोधून दाबून ठेवा (दाबलं तरी महिना पूर्ण मिळते), उर्फची टिचकी लावा, लाल बटनाले हात लावू नका. आणि सुरू करायच्या आधी जावयाच्या आजीले फोन लावून तिच्या आईबापाचं लग्न कोणत्या गावच्या चर्चमध्ये झालं ते विचारून घ्या, जवळच्या दोन-तीन पिढ्या साइटपेक्षा आजीजवळ चांगल्या असतात.

अकरा पिढ्यांचा कागद मी ए-थ्रीवर प्रिंट मारून, लॅमिनेट करून ताईकडं दिला आहे. आत्यानं पूर्ण ऐकून घेतला, एकेका बाईचं नाव परत वाचायले लावलं, आणि शेवटी विचारलं, "ते सगळं ठीक आहे, पण देवक कोणतं?" ते मी साइटले विचारलं नाही. दोन महिन्याचे सव्वीसशे परत आले तर एक स्टार वाढवून देतो.